रस्ता आम्हीच मागितला होता

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

सकाळी विषयपत्रिका वाचल्यावर एका ताईंनी मला विचारलं, "हिंसाचार, रेशन, आरोग्य हे कळलं. पण यात रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग कुठून आला? हा काय बायकांचा प्रश्न आहे?" प्रश्न बरोबर आहे. तीन-चार वर्षांपूर्वी मलाही तो पडला असता. म्हणून मी थेट आमच्या गल्लीपासूनच सुरुवात करते.

मी ज्या वस्तीत काम करते तिथे एक लांब गल्ली आहे. एका टोकाला बालवाडी आणि रेशनचं दुकान, दुसऱ्या टोकाला पिठाची गिरणी. मध्ये दोन्ही बाजूंनी घरं. घराची पायरी उतरली की पाय रस्त्यावरच. फुटपाथ नाही. भांडी घासणं, निवडणं-टिपणं, पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचं ऊन खाणं, सगळं त्या पायरीवर. आठ-दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तेव्हा गल्ली हीच घराची पुढची खोली असते.

ही गल्ली पूर्वी खड्ड्यांनी भरलेली होती. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. बाळंतिणीला न्यायला रिक्षा आत यायची नाही. त्यासाठी आम्ही मोर्चे काढले, निवेदनं दिली. मंडळाच्या बायकांनी दोन वर्षं पाठपुरावा केला आणि सिमेंटचा रस्ता झाला. ज्या दिवशी झाला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

आणि त्या रस्त्याने आमच्याकडे गाड्या आल्या. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला ही गल्ली सोयीची आहे हे लोकांना कळलं. आधी खड्डेच गाड्यांना आवरत होते, आता आवरणारं काही उरलं नाही. मोटारसायकली, टेम्पो, पाण्याचे टँकर सगळे सुसाट. आम्ही रस्ता मागितला होता, पण तो कसा हवा, कुणासाठी हवा, हे मागायचं राहून गेलं होतं. ही चूक आमची, हे मी आधीच कबूल करते.

सहा महिन्यांत एक नऊ वर्षांची मुलगी टेम्पोखाली आली. आईने पाव आणायला पाठवलं होतं. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. टेम्पो थांबला नाही. आई चार घरची धुणीभांडी करायची. मुलीजवळ बसायचं म्हणून दोन घरं सुटली, पुढे तिसरंही गेलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा मुलीचे वडील आईला सगळ्यांदेखत म्हणत होते, "तुझं लक्ष कुठं होतं?" ती बाई काही बोलली नाही. टेम्पोवाल्याचं लक्ष कुठं होतं, हे मात्र तिथे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

पुढचे परिणाम हळूहळू दिसले. गल्लीतल्या मुलींना संध्याकाळी बाहेर सोडणं बंद झालं. दोघींचा शिवणक्लास सुटला, कारण तो गल्लीच्या पलीकडच्या टोकाला होता. एका आजींनी देवळात जाणं सोडलं. मुलं मात्र खेळत राहिली. ती रस्त्याच्या मोठ्या बाजूला गेली, मोकळ्या प्लॉटवर गेली. कमी झाल्या त्या मुली. आपल्याकडे धोका वाढला की आधी बाईचं फिरणं कमी होतं, हे आपण रात्रीच्या अंधाराबद्दल, छेडछाडीबद्दल नेहमी बोलतो. इथेही तेच झालं. गाडीला वेसण घालायच्या ऐवजी पोरीला घातली गेली.

त्या ताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. रस्त्यावरच्या मृत्यूंचे सरकारी आकडे पाहिले तर मरणाऱ्यांत पुरुष फार जास्त आहेत, हे खरं आहे. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. पण जी मुलगी रस्त्यावर आलीच नाही, तिची नोंद या आकड्यांत कुठे असणार? जिने क्लास सोडला तिची नोंद नाही. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची, मुलाची पुढची दहा वर्षं सेवा करणाऱ्या बाईची नोंद नाही. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्या बिनमोल कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं. घरात अपघाताचा रुग्ण आला की यातली कुणाची मिनिटं वाढतात, ते तुम्हाला सांगायला नको.

आता वेगाबद्दल थोडं. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, म्हणून सांगते. गाडीचा वेग तीसवरून पन्नासवर गेला तर धडकेचा जोर दीडपट होत नाही, जवळजवळ पावणेतीन पट होतो. कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. थांबण्याचं अंतरही असंच. चालकाला दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर तीसच्या वेगाची गाडी साधारण तेरा मीटरमध्ये उभी राहते. पन्नासची गाडी उभी राहायला सत्तावीस-अठ्ठावीस मीटर लागतात. म्हणजे पंधरा मीटरवर मूल आडवं आलं, तर पहिली गाडी त्याच्या आधी थांबते. दुसरीचा चालक तोवर जेमतेम ब्रेक दाबत असतो. मूल तेच, चालक तोच, आईचं 'लक्ष'ही तेच. फरक फक्त वेगाचा.

म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला जगातल्या देशांची परिषद झाली, तिथे ठरलं की जिथे पायी चालणारी माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नसावा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ७० आणि दुचाकींना ६० पर्यंत मुभा आहे. ही कमाल मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी विशिष्ट रस्त्यावर ती कमी करू शकतो. कलम ११५ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर विशिष्ट वाहनांना बंदीही घालता येते. म्हणजे कायद्यात जागा आहे. ती कुणीतरी मागावी लागते.

आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही काय केलं ते ऐका. अपघातानंतर मंडळाच्या बायका चिडल्या. घरटी वर्गणी काढली, एका गवंड्याकडून रात्रीत गतिरोधक टाकून घेतला. चार-पाच इंच उंच, जेमतेम फूटभर रुंद. मीही तिथे उभी होते. आम्हाला वाटलं, आपण लढाई जिंकलो.

तिसऱ्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीतली एक बाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून चालली होती. साडी नेसलेली, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लहान मूल. अंधार होता, गतिरोधकावर पट्टे नव्हते. गाडी उडाली आणि ती मागे पडली. मुलाला काही झालं नाही, कारण तिने त्याला सोडलं नाही. स्वतःच्या डोक्याला मार बसला. आठ दिवस दवाखान्यात होती. बरी झाली, पण तिच्या घरचे आमच्या मंडळात आले आणि म्हणाले, "हे तुम्ही केलंत." आम्ही खाली बघत बसलो. त्यांचं खरं होतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. आपण नेहमी जिंकलेल्या गोष्टी सांगतो. पण आपल्या हातून एका बाईला इजा झाली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा अभ्यास करावासा वाटला. एका अभियंता मैत्रिणीला बोलावलं. तिने सांगितलं की गतिरोधकाचं मोजमाप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाईचा असावा असं म्हटलं आहे. पंचवीसच्या वेगाने गेलं तर त्रास होत नाही, त्याहून जोरात गेलं की हादरा बसतो. त्यावर पट्टे हवेत, आधी ४० मीटरवर फलक हवा, रात्री उजेड हवा. आमचा फूटभर रुंदीचा उंचवटा हळू जाणाऱ्यालाही हादरा देत होता आणि मागे आडव्या बसलेल्या बाईला फेकून देत होता. आपल्या शहरांत असे उंचवटे जागोजागी आहेत. ते बहुतेक अशाच चांगल्या हेतूने, रागाने, रातोरात घातलेले असतात.

दुसऱ्या दिवशी आम्हीच तो फोडला.

मग ठरवलं, आता मागायचं ते नीट मोजून मागायचं. मोजण्याची रीत अगदी सोपी आहे, तुम्हीही करू शकता. रस्त्यावर पन्नास मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारायची. मोबाइलमधलं सेकंदाचं घड्याळ घ्यायचं. गाडीला पन्नास मीटर जायला सहा सेकंद लागले तर वेग तीसचा. साडेचार सेकंद लागले तर चाळीसचा. साडेतीनच्या आसपास लागले तर पन्नासचा. आठवी-नववीच्या मुलींना आम्ही हे शिकवलं. त्यांना गणितात एवढी गोडी मी कधी बघितली नव्हती. शाळा भरताना, शाळा सुटताना आणि दिवेलागणीला, अशा तीन वेळा आठवडाभर मोजलं. सहा सेकंद लावणारी गाडी दिसायला आम्हाला वाट पाहावी लागायची.

या मोजणीतून एक अशी गोष्ट निघाली की ती वहीत लिहिताना मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आम्ही समजत होतो की सगळे बाहेरचे आहेत. बाहेरचे होतेच. पण सगळ्यात जोरात जाणाऱ्या मोटारसायकली बऱ्याचदा गल्लीतल्याच होत्या. आपलेच भाऊ, आपलेच नवरे, आपलीच पोरं. एकीच्या हातात घड्याळ होतं आणि समोरून तिचाच दादा गेला.

बैठकीत यावर फार वाद झाला. काही काकू म्हणाल्या, हे लिहू नका, पालिकेला काय सांगायचं? काही म्हणाल्या, पोरगं कमावतं आहे, त्याला गाडीवरून बोललं तर घरात भांडण होतं. शेवटी ज्या आईच्या मुलीचा पाय मोडला होता, ती उठली. ती बैठकीत कधी बोलत नसे. म्हणाली, "ज्यानं माझ्या पोरीला ठोकलं, त्याच्या बी आईनं त्याला असंच सोडून दिलं असंल." वाद तिथेच थांबला. आम्ही आकडे जसे होते तसे लिहिले. आणि प्रत्येकीने आपल्या घरी बोलायचं ठरवलं. सगळ्यांच्या घरी फरक पडला असं मी म्हणणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी दिली आणि गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, हे २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम सांगितल्यावर दोन घरांतल्या किल्ल्या मात्र कपाटात गेल्या.

अर्ज घेऊन आम्ही पालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं, वाहतूक पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांनी सांगितलं, हे काम पालिकेचं. असे चार हेलपाटे झाले. प्रत्येक हेलपाट्याला कुणाचा तरी अर्ध्या दिवसाचा पगार बुडत होता. पाचव्या वेळी आम्ही दोन्हीकडे एकच अर्ज दिला, दोन्हीकडची पोच घेतली आणि माहिती अधिकारात विचारलं की त्यावर काय कार्यवाही झाली. सोबत मुलींच्या मोजणीची वही जोडली. एका अधिकाऱ्याने ती वही उलटून बघितली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मुली पुढे आल्या. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला बसायला खुर्च्या मिळाल्या.

आपण असं मागणारे पहिले नाही. नेदरलँड्समध्ये, ज्याला आपण हॉलंड म्हणतो, १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. एका पत्रकाराची लहान मुलगी शाळेला जाताना गेली. त्याने १९७२ मध्ये लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं 'बालहत्या थांबवा'. अपघात नाही, हत्या. त्याच नावाने चळवळ उभी राहिली आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या मार्त्ये फान पुटन, अ‍ॅमस्टरडॅममधली एक तरुण आई. या लोकांनी सायकलींचे मोर्चे काढले, अपघाताच्या जागा अडवल्या, रस्ते बंद करून मुलांना खेळू दिलं, भर रस्त्यात टेबलं मांडून जेवणं केली. त्याच काळात डेल्फ्ट शहरात राहत्या गल्ल्यांची नवी रचना सुरू झाली. सरळ रस्ता मोडून वळणं द्यायची, झाडं आणि बाक मध्ये आणायचे, फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर घ्यायचा. १९७६ मध्ये त्याला कायद्याचं रूप मिळालं. अशा गल्लीत गाडीने चालण्याच्या वेगाने जायचं आणि मुलांनी सगळ्या रस्त्यावर खेळायचं. तो देश सायकलींचा म्हणून आज ओळखला जातो, पण ते आपोआप झालेलं नाही.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी गाडीवाल्याला नुसता उपदेश केला नाही. रस्ताच असा केला की जोरात जाता येऊ नये. फलक लावला की माणूस वाचतो आणि विसरतो. गल्लीचं तोंड अरुंद केलं, बालवाडीसमोर रस्ता ओलांडायची जागा फुटपाथच्या उंचीला उचलली, की पाय आपोआप ब्रेकवर जातो. अशा उचललेल्या जागेवरून काठी टेकणाऱ्या आजीला आणि बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईलाही उतरावं-चढावं लागत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगते. रस्ता सुरक्षित करायचा म्हटलं की पालिकेला पहिल्यांदा भाजीवाली दिसते. तिला उठवलं की रस्ता रुंद होतो, आणि रुंद रस्त्यावर गाडी आणखी जोरात जाते. भाजीवालीमुळे गल्ली जागती राहते, संध्याकाळी मुलींना तिचा आधार असतो. तेव्हा आपल्या अर्जात तिच्या विरोधात एक ओळही जाऊ देऊ नका. २०१४ चा फेरीवाला कायदा तिच्या बाजूने आहे. दुसरं, काही सोसायट्या आपल्या गल्लीला फाटक लावून मोकळ्या होतात. त्यांच्याकडे कामाला जाणाऱ्या बाईला मग मोठ्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. आपल्या दारातला धोका दुसरीच्या दारात ढकलणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. आमचा फुटका गतिरोधक आम्हाला हेच शिकवून गेला.

आणि अपघात झालाच तर काय करायचं, तेही माहीत हवं. पोलिसांत गुन्हा नोंदवा. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायची तरतूद आता कायद्यात आहे, त्यामुळे वेळ घालवू नका. ठोकणारी गाडी सापडली नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवर करायचा असतो. आमच्या त्या आईला हे कुणीच सांगितलं नव्हतं, मलाही उशिरा कळलं. आणि गृहिणी गेली तर "ती कमावत नव्हती" असं कुणाला म्हणू देऊ नका. पूर्वी कायद्याच्या परिशिष्टात न कमावणाऱ्या बायकोची किंमत नवऱ्याच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश धरली जायची. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल खटल्यात आणि पुन्हा २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरकामाला मोल आहे हे स्पष्ट मान्य केलं. आपण इतकी वर्षं जे सांगत आलो ते अपघाताच्या निकालांत लिहिलं गेलं. बाई मेल्यावर तिच्या कामाची किंमत कळावी, याचं वाईटही वाटतं.

आमच्या गल्लीचं आज काय आहे? बालवाडीच्या दोन्ही बाजूंना मापातले गतिरोधक झाले आहेत, पट्ट्यांसकट. शाळेच्या वेळात टँकरला बंदीचा फलक लागला आहे, तो कधी पाळला जातो, कधी नाही. फुटपाथ अजून नाही. पट्टे एका पावसाळ्यात पुसट झाले, त्यासाठी पुन्हा अर्ज गेला आहे. मुली दर तीन महिन्यांनी अजून मोजणी करतात. सहा सेकंदांच्या गाड्या आता दिसतात.

ती नऊ वर्षांची मुलगी आता बारा वर्षांची आहे. थोडी लंगडते. मोजणीच्या वेळी खडूची रेघ ओढायचं काम तिचं असतं, ते ती दुसऱ्या कुणाला देत नाही.

तुमच्या वस्तीत रस्ता होणार असेल, तर पेढे वाटायच्या आधी एकदा विचारा, या रस्त्यावरून गाडी किती वेगाने जाणार आहे? आम्ही ते विचारलं नव्हतं.